गावठाणाबाहेर स्वतःच्या शेतात घर बांधण्यावरील मर्यादा: 200 मीटर नेमके कोठून मोजावेत?

प्रश्न

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावात गावठाणातले वडिलोपार्जित घर आता तीन कुटुंबांना पुरत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक असल्याने ते वाढवताही येत नाही. गावाच्या शेवटच्या घरापासून आमचे शेत जवळच आहे. मात्र जमीन नियोजन आराखड्यातील शेती विभागात (शेतीसाठी राखलेल्या क्षेत्रात) असल्यामुळे तेथे घर बांधता येणार नाही, असे तोंडी सांगण्यात आले. गावठाणापासून 200 मीटरपर्यंत सवलत आहे असेही ऐकतो. ते अंतर शेवटच्या घरापासून धरतात का? आणि ज्यांची दुसरीकडे जागाच नाही, अशा शेतकरी कुटुंबांवर ही मर्यादा लादणे न्याय्य आहे का?

उत्तर 1

अंतर शेवटच्या घरापासून नव्हे, तर भूमी अभिलेखात नोंदलेल्या गावठाणाच्या हद्दीपासून मोजले जाते. बहुतेक गावांत वस्ती या हद्दीच्या बरीच पुढे गेलेली असते, त्यामुळे घराशेजारचे शेतही 200 मीटरच्या बाहेर पडू शकते. म्हणून प्रथम गाव नकाशा पाहून सरकारी मोजणीसाठी अर्ज करावा.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मधील कलम 42-ड नुसार या पट्ट्यातील जमीन निवासी वापरासाठी अकृषिक (बिगरशेती) झाल्याचे मानले जाते. त्यासाठी रूपांतरण कर व अकृषिक आकारणी भरावी लागते, आणि जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली) असल्यास नजराण्याचा, म्हणजे शासनाला द्यायच्या रकमेचा, प्रश्नही येतो. मात्र सनद (अकृषिक वापराचा सरकारी दाखला) हाती आली म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली असे होत नाही. ती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) घराची नोंद झाली आणि घरपट्टी सुरू झाली, की बांधकाम कायदेशीर ठरते, हा समज फार पसरलेला आहे आणि त्यामुळे कुटुंबे पुढे अडचणीत येतात.

उत्तर 2

दुसऱ्या प्रश्नाविषयी माझे मत सांगतो. शेतजमिनीवर विखुरलेली वस्ती होऊ नये, हा या निर्बंधाचा हेतू मला मान्य आहे. घरे दूरदूर पसरली की पाणी, सांडपाणी, रस्ता आणि वीज पोहोचवण्याचा भार ग्रामपंचायतीवर पडतो, आणि पिकाखालची जमीन तुकड्यातुकड्यांनी संपते. माझा आक्षेप मोजण्याच्या पद्धतीवर आहे. सपाट काळ्या जमिनीवरचे गाव आणि सह्याद्रीच्या कुशीतली वाडी यांना एकच अंतर लावले, तर जमिनीची प्रकृती लक्षात घेतलीच जात नाही. माळीण (2014), तळीये (2021) आणि इर्शाळवाडी (2023) येथे दरडीखाली सापडलेली घरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीतली होती. 1:5 (पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ) किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम करू नये, असे विकास नियंत्रण नियम सांगतात. गावकुसाजवळच्या जागेलाही ही कसोटी तितक्याच काटेकोरपणे लावली पाहिजे, आणि ज्या गावात सुरक्षित सपाट जागा थोडी लांब आहे, तेथे ते अंतर वाढवण्याची मुभा असली पाहिजे.

उत्तर 3

एकेका कुटुंबाने स्वतंत्रपणे धडपडण्यापेक्षा गावठाण विस्ताराची मागणी करणे अधिक योग्य आहे, असे मला ठामपणे वाटते. अधिनियमाच्या कलम 122 नुसार गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. लोकसंख्या वाढली तरी अनेक गावांची हद्द जुन्या मोजणीच्या वेळची तशीच राहिली आहे, आणि मूळ अडचण तीच आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरीपासून सुरू झालेल्या ड्रोन मोजणीमुळे आणि 2020 पासूनच्या स्वामित्व योजनेमुळे गावठाणातील मिळकतींचे नकाशे आता तयार होत आहेत. आत मोकळी जागा किती उरली आहे, हे ग्रामसभेला त्यावरून दाखवता येईल. विस्तारासाठी गायरानाकडे मात्र बोट दाखवू नये. जगपाल सिंग प्रकरणात 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे, आणि चराई आधीच कमी झालेली आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मोजणीचा अर्ज या आठवड्यात देतो आणि विस्ताराचा विषय 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा, असे लेखी पत्र ग्रामपंचायतीला देतो. आमच्या शेताकडे जाणारी वाट शेजाऱ्याच्या बांधावरून आहे. परवानगीच्या वेळी ती अडचण ठरेल का?

उत्तर 1

होय, ठरू शकते. बांधकाम परवानगीसाठी जागेला पोहोच रस्ता दाखवावा लागतो, आणि शेतीच्या वहिवाटीची वाट त्यासाठी पुरेशी मानली जाईलच असे नाही. शेजाऱ्यांशी बोलून रस्त्याच्या हक्काचा नोंदणीकृत दस्त आधी करून घ्यावा. सनदेचे पैसे त्यानंतर भरावेत.