साठीनंतरचा धंदा आणि गिऱ्हाईक : कोकणातले अनुभव

निवृत्तीनंतर, किंवा मुलं मुंबईला गेल्यावर, घरच्या घरी आंबा, कोकम, मसाले, राहण्याजेवणाची सोय असा धंदा किनारपट्टीवर बरेचजण करतात. माल उत्तम होतो, पण खपवताना पंचाईत होते. कशाचा उपयोग होतो, कुठे आणि का चुकतं, ते बारकाव्यांसकट लिहा. स्वतःची कहाणी नको, कृती हवी, असं विचारल्यावर गावोगावहून आलेली ही उत्तरं.

देवगड, आंबा

पहिली जाहिरात गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांना, तीही फेब्रुवारीअखेर. जुन्या वहीतले नंबर फोनमध्ये घालताना नावापुढे गाव आणि मागणी लिहावी : 'ठाणे, 4 डझन, तयार'. ऐन मोसमात फोन वाजला की वही शोधावी लागत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस मोफत आहे. त्यातल्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात. पण समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला नसेल तर यादीवरून टाकलेला संदेश त्याला मिळत नाही. 'दर पाठवला तरी कोणी विचारलं नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून प्रत्येक पेटीत चिठ्ठी घालावी : 'हा नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षीचा दर यावरच कळेल.' छापील पत्रकापेक्षा ही चिठ्ठी जास्त काम करते.

संदेशात पाच गोष्टी हव्यात : फळाचं वजन ग्रॅममध्ये, पेटीत किती डझन, कच्चा की तयार, दर पोचवण्यासह की वेगळा, आणि निघण्याचा वार. नुसतं 'मोठं फळ' लिहिलं की भांडण ठरलेलं, कारण 225 ग्रॅमचं फळही एखाद्याला मोठं आणि 280 चंही दुसऱ्याला मध्यम वाटतं. साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) निघाला तर काय, तेही आधीच लिहावं : कापलेल्या फळाचा फोटो त्याच दिवशी पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत भरून देऊ. साका बाहेरून ओळखता येत नाही हे शहरातल्या माणसाला माहीत नसतं. सांगितलं की तो समजून घेतो.

हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं चिन्ह पेटीवर छापायचं तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, हे विसरू नये.

मालवण, कोकम आणि मसाले

आगळ आणि सरबत यांतला फरक बाटलीवर ठळक लिहा. पुण्याकडचं गिऱ्हाईक आगळ पाण्यात घालून साखर टाकतं, खारट लागलं की माल खराब म्हणतं. 'आगळ : मीठ घातलेला रस, सोलकढी आणि आमटीसाठी' आणि 'सरबत : साखरेतलं, 1 भागाला 5 भाग पाणी', एवढ्या दोन ओळींनी तक्रारी थांबतात.

आगळाला पत्र्याचं झाकण नको. आंबट आणि खारट रसाने ते गंजतं. प्लॅस्टिकचं झाकण आणि आत सील हवं. कुरिअरने पाठवताना बाटली पिशवीत बांधून, उभी भरावी.

लेबलवर अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बॅच, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ते, पूर्ण पत्ता, फोन आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह. याशिवाय चांगला दुकानदार माल ठेवून घेत नाही. अक्षरं मोठी घ्या. आपलं गिऱ्हाईकही चष्मेवालं असतं.

चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतात. जाताना पिशवी भरतात, तेव्हा पाकिटं पाव आणि अर्ध्या किलोची हवीत.

गुहागर, घरगुती निवास

गूगल नकाशावर नोंद फुकट होते. आता बहुधा व्हिडिओने पडताळणी मागतात : रस्ता, पाटी आणि आतली जागा एकाच चित्रणात, न थांबता दाखवायची. नावात फक्त पाटीवरचं नाव घाला. 'स्वस्त, बीचजवळ, मालवणी जेवण' असे शब्द नावाला जोडले तर नोंद स्थगित होऊ शकते.

सगळ्यात जास्त चुकते ती नकाशावरची जागेची खूण. ती मुख्य रस्त्यावर पडते आणि गाड्या दुसऱ्याच वाडीत शिरतात. अंगणात उभं राहून खूण सरकवा, वर 'देवळाच्या पुढची डावी पाखाडी, गाडी वडाखाली लावा' असं लिहा. न्हाणीघराचा फोटो टाका, लोक तो आधी बघतात. कुठल्या कंपनीची रेंज येते तेही लिहा.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा फोटो पुढे करू नये. सुकं, खाडीतलं, कुळथाची पिठी, जे मिळेल तेच सांगावं.

वेंगुर्ले, काजू

फोनची अक्षरं सेटिंगमध्ये मोठी करा. कीबोर्डवरच्या माइकला मराठी निवडलं की बोललेलं टाइप होतं, फक्त आकडे पुन्हा वाचा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये '/' टाकलं की येणारे तयार संदेश करून ठेवा : दर, पत्ता, बँकेचा तपशील. फोटोआधी कॅमेऱ्याची काच पुसा, पीठ आणि तेलाने ती धूसर होते. पडवीत, सकाळी, फ्लॅश बंद करून काढा.

अलिबाग, पांढरा कांदा

फलक लोक दुकानासमोर लावतात आणि वाचून होईतो गाडी पुढे गेलेली असते. ताशी 40 किमीने 100 मीटर जायला 9 सेकंद लागतात. पहिला फलक तेवढा आधी, तीनच शब्दांचा : 'पांढरा कांदा, पुढे'. दुसरा दुकानाशी, दरासकट.

दापोली, खोल्या आणि खानावळ

मोठ्या बुकिंगचा फोन येतो, आगाऊ रक्कम देतो म्हणून क्यूआर पाठवतात आणि पिन टाका म्हणतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की आपलेच जातात. स्क्रीनशॉट धरू नका, बँकेच्या ॲपमध्ये जमा झालेलं बघूनच खोली राखा. फसलंच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत निघून जाते.