वासुकी इंडिकसचा स्टॅट ब्लॉक: विळखा जीवघेणा हवा, पण अन्यायाचा नको

दलदलीचा डीएम
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर खेळायचा भूमिका-खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम; मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. चार प्लेअर्स, सगळे चौथ्या लेव्हलचे: फायटर, क्लेरिक, विझार्ड आणि रोग (क्लास म्हणजे पात्राचा प्रकार, आजार नव्हे). जागा इओसीन या प्राचीन काळातलं कच्छ. किनाऱ्यालगतची दलदल, कासवं, मगरी, कॅटफिश, आणि पाय शाबूत असलेले आदिम देवमासे.

मुख्य प्राणी वासुकी इंडिकस, कच्छमध्येच जीवाश्म सापडलेला महाकाय साप; त्याचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे खेळातल्या आकड्यांचा तक्ता, बनवायचाय. पुस्तकातला जायंट कन्स्ट्रिक्टर स्नेक (एसी म्हणजे बचावाचा आकडा १२, एचपी म्हणजे प्राणशक्ती ६०, सीआर म्हणजे आव्हानाची पातळी २) उचलून नुसतं नाव बदललं, तर दोन राउंडांत (सगळ्यांची एकेक टर्न म्हणजे राउंड) खेळ खलास. एचपी दुप्पट केले तर तीच झटापट रटाळ होते. सीआर किती धरू? विळखा नियमांत कसा बसवू? आणि पाण्यात ओढून बुडवण्याची भीती घालण्यात काही दम आहे का?

अश्मवेडी
आधी हाडांचं बोलू, म्हणजे कुठे हात मोकळा आहे ते कळेल. पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतून मिळाले ते २७ मणके. वय सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षं. वर्णन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. लांबीचा अंदाज ११ ते १५ मीटर, कारण तो काढण्याच्या दोन पद्धती वेगवेगळी उत्तरं देतात. कवटी मिळालेलीच नाही. म्हणजे लांबी आणि जाडी यांत फार खेळू नका, चाव्याचे आकडे मात्र खुशाल तुमचे.

दोन गोष्टी टाळा. एक, विष. नाव वासुकी म्हटल्यावर समुद्रमंथन आठवतं आणि प्लेअर्स हलाहलाची वाट बघत बसतात. हा मॅडत्सोइडी या नामशेष सापांच्या कुळातला, विळखा घालणारा मानला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे वेग. संशोधकांनी त्याला ॲनाकोंडासारखा, दबा धरून बसणारा संथ शिकारी ठरवलंय. जमिनीवर २० फूट स्पीड पुरे, पाण्यात ३०.

थंडीचा उपयोग जरूर करा. याच अभ्यासात तिथलं सरासरी तापमान २८ अंशांच्या आसपास काढलंय, एवढं मोठं थंड रक्ताचं जनावर त्याशिवाय जगलं नसतं. पण कोल्ड डॅमेजला व्हल्नरेबिलिटी देऊ नका. डॅमेज दुप्पट होतं आणि विझार्ड एकटाच साप संपवतो. त्याऐवजी: एका फटक्यात १० किंवा जास्त कोल्ड डॅमेज बसलं, तर सापाच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत त्याचा स्पीड निम्मा आणि रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्ये दिलेला प्रतिसाद) बंद.

वीसबाजू
सीआर ५ धरा. १,८०० एक्सपी (अनुभवगुण). चौथ्या लेव्हलच्या चौघांसाठी हार्ड (अवघड) लढाईची पायरी १,५०० आणि डेडलीची (जीवघेणीची) २,०००, म्हणजे बरोबर मधे.

ह्यूज बीस्ट, एसी १३, एचपी १२६ (१२डी१२+४८, म्हणजे बारा बाजूंच्या १२ फाशांची सरासरी अधिक ४८). स्ट्रेंग्थ (ताकद) २०, डेक्स (चपळाई) १२, कॉन (काटकपणा) १८, इंट (बुद्धी) १. चावा +८ (टू-हिट, म्हणजे हल्ल्याच्या रोलमध्ये मिळवायचा आकडा), रीच (पोहोच) १० फूट, २डी८+५. विळखा +८, रीच ५ फूट, २डी१०+५, आणि लागला की ग्रॅपल्ड (पकडलेला) व रिस्ट्रेन्ड (जखडलेला), सुटायला डीसी १६, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर बोनस धरून १६ गाठायचे. पाण्यात स्टेल्थ (लपणं) +७. हिशेब असा: एचपीवरून बचावाचा सीआर ४. दर राउंडला सरासरी ३० डॅमेज म्हणजे सीआर ४, पण टू-हिट त्या पायरीपेक्षा ३ने जास्त, म्हणून हल्ल्याचा ५. सरासरी साडेचार, वरच्या बाजूला ५.

गडबड होते ती मल्टीअटॅकमध्ये (एका टर्नमध्ये अनेक हल्ले). कॉन १४चा चौथ्या लेव्हलचा विझार्ड म्हणजे २६ एचपी. चावा १४ आणि विळखा १६ एकाच माणसावर बसले की तो पहिल्याच राउंडला आडवा, आणि वर सरप्राइज असेल तर बिचाऱ्याने फासेही हातात घेतलेले नसतात. म्हणून स्टॅट ब्लॉकमध्येच लिहून टाका: चावा आणि विळखा एका टर्नमध्ये एकाच लक्ष्यावर नाही. आपोआप दोन प्लेअर्स गुंततात आणि एचपी न वाढवता लढाईला रंग चढतो.

लेजंडरी ॲक्शन्स (इतरांच्या टर्ननंतर मिळणाऱ्या जादा कृती) देण्याचा मोह आवरा. साप आहे तो, ड्रॅगन नाही.

आणखी एक नेहमीची चूक: रिस्ट्रेन्ड आहे म्हणून सुटण्याच्या रोललाही डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा घेणं) लावणं. ते फक्त अटॅक रोल आणि डेक्स सेव्हला (संकट टाळायच्या रोलला). ॲथलेटिक्स +५च्या फायटरला १६ गाठायला ११ लागतो, म्हणजे निम्मी संधी. डेक्सच्या +२वर ॲक्रोबॅटिक्स टाकणाऱ्याला १४ लागतो, ३५ टक्के. डिसॲडव्हान्टेज लावलात तर ती १२ टक्क्यांवर येते आणि तो प्लेअर मोबाइल काढून बसतो.

दलदलीचा डीएम
हिशेब पटला. पाण्याचं काय?

वीसबाजू
नियमाप्रमाणे बुडणं फुसकं आहे. श्वास १ अधिक कॉन मॉडिफायर एवढी मिनिटं टिकतो. कॉन १४ला तीन मिनिटं, म्हणजे ६ सेकंदांचा एक असे ३० राउंड. तोवर लढाई संपून लूटही वाटून होते. पाण्याचा खरा त्रास शस्त्रांना: स्विम स्पीड नसेल तर डॅगर, जॅव्हलिन, शॉर्टस्वर्ड, स्पिअर, ट्रायडंट सोडून बाकी मेली हल्ल्यांना डिसॲडव्हान्टेज. आणि शिकार मीडियम, साप ह्यूज, दोन साइझचा फरक. त्यामुळे पकडून ओढताना सापाचा स्पीड निम्मा होत नाही. पहिल्याच टर्नला ३० फूट आत.

अश्मवेडी
तसंही बुडवण्यावर मदार नकोच. अजगरवर्गीय सापांचा विळखा श्वास कोंडून मारतो हा जुना समज. बोआंवरच्या प्रयोगांत दिसलंय की भक्ष्याचं रक्ताभिसरण काही सेकंदांत कोसळतं. हे नियमांत असं आणा: विळख्यातल्या माणसाने स्वतःच्या टर्नच्या शेवटी कॉन सेव्ह करायचा, डीसी १५. हुकला तर आवाज फुटत नाही, म्हणजे व्हर्बल घटक असलेले स्पेल बंद. लागोपाठ दोनदा हुकला तर बेशुद्ध, सुटेपर्यंत.

सेव्ह टर्नच्या शेवटीच ठेवा, सुरुवातीला नको. मिस्टी स्टेप या गायब होऊन जवळच प्रकटण्याच्या स्पेलला फक्त आवाज लागतो आणि विझार्डचा सुटण्याचा तोच भरवशाचा मार्ग. पहिल्या टर्नला ती संधी राहिलीच पाहिजे. नंतर गेली तर गेली.

वीसबाजू
हे घेणार असाल तर विळख्याचं डॅमेज १डी१०+५ करा, नाहीतर दुहेरी मार होतो. राउंडचं डॅमेज २४वर येतं, त्याचा सीआर ३. पण +८ टू-हिट त्या पायरीपेक्षा ४ने वर असल्यामुळे हल्ल्याचा सीआर ५च राहतो. बेशुद्धावर ५ फुटांतून लागलेला प्रत्येक फटका क्रिटिकल (दुप्पट फाशांचा) असतो हे विसरू नका. बेशुद्ध भक्ष्याला साप चावत नाही, नुसता आवळतो, असं ठरवून टाका.

कागदी डायनासोर
टेबलावरचं सांगतो. इंचाला ५ फूट धरले तर १५ मीटरचा साप १० इंच भरतो. ह्यूजचा ३ बाय ३ चौकोनी टोकन ठेवला की तो साप न वाटता गादी वाटते. घरच्या वायरिंगची सिंगल कोअर तांब्याची वायर १० इंच कापा, प्लास्टिक काढू नका, एका टोकाला डोकं म्हणून एम-सीलचा मणी लावा. पूर्ण अंगाला एम-सील थापू नका, वाळल्यावर वळवलं की तडकतं. ही वायर मिनिएचरभोवती खरोखर गुंडाळता येते. रीच मात्र डोक्याकडूनच मोजायचा हे खेळाआधी सांगा, नाहीतर शेपटीजवळ उभा असलेला रोग वाद घालणार.