भिंत उभारण्यापेक्षा दुरुस्ती शिकवतात का ते बघा

एका प्रतिसादात म्हटलंय की नैसर्गिक बांधकामाच्या, म्हणजे मातीने बांधायला शिकवणाऱ्या सहलींत नुसता चिखल तुडवायचा, फोटो काढायचे आणि परतायचं. बऱ्याच ठिकाणी तसंच होतं, खरंय. मी मात्र निवडताना एकच पाहतो: जुन्या भिंतीची दुरुस्ती शिकवतात का? नवी भिंत उभारताना सगळेच उत्साही असतात. आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेन्ने गावची मोठी मशीद मातीची, १९०७ सालची. गावकरी दरवर्षी एकत्र येऊन तिला लिंपतात म्हणून ती उभी आहे. भिंतीतून बाहेर डोकावणारी लाकडं शोभेची वाटतात, पण लिंपताना त्यांचाच परांचीसारखा उपयोग होतो. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओलावा आत अडकतो आणि माती भुसभुशीत होते. हे वाचून कळतं, पण पोपडा स्वतःच्या हाताने काढल्यावर पटतं.

माती ओळखायला मात्र प्रवास नको. बरणीत माती नि पाणी घालून हलवा. वाळू लगेच तळाशी बसते, चिकणमाती सगळ्यात शेवटी.

नाव नोंदवण्याआधी आयोजकांना विचारा, बांधलेलं पुढे वापरतात की पुढच्या तुकडीसाठी पाडतात? पाडत असतील तर मी तरी जाणार नाही.