'क्नीफाल' मधला फाल नक्की कुठला?

क्षितिजा_०७: जर्मनच्या बीवन (B1) परीक्षेची तयारी चालूये. काल धड्यात विली ब्रांटचा तो फोटो आला, ७ डिसेंबर १९७०, वॉर्सा, नाझींविरुद्धच्या ज्यू घेट्टोतल्या उठावाच्या स्मारकासमोर पश्चिम जर्मनीचा हा चान्सलर गुडघ्यांवर. खाली शब्द 'क्नीफाल'. क्नी म्हणजे गुडघा हे कळलं, पण फाल? आम्हाला फाल म्हणजे विभक्ती शिकवलंय, नाहीतर केस, म्हणजे प्रकरण. गुडघ्याची केस?? हसू नका. पडणं म्हणावं तर तो माणूस पडला कुठे, व्हिडिओत आधी पुष्पचक्राच्या फिती नीट करतो, मागे सरकतो, मग गुडघे टेकतो.

ओसरीवरचा: फालेन म्हणजे पडणे, त्याचंच नाम फाल, वासरफाल म्हणजे धबधबा तसंच. तुमची विभक्तीसुद्धा तोच शब्द बरं का, लॅटिन 'कासुस'चं सरळ भाषांतर, त्याचाही अर्थ पडणंच. आणि आपण आजीच्या पाया 'पडतो' तेव्हा कुठे धडपडतो? जर्मनमधे फूसफाल पण आहे, फूस म्हणजे पाय, म्हणजे अगदी पाया पडणंच झालं की.

शेंगदाणा_चटणी: क्नी आणि संस्कृत जानु एकाच मुळाचे!! आजानुबाहू मधला जानु. लॅटिनमधे गेनू. मूळचा 'ग' जर्मनिक भाषांत (जर्मन, इंग्लिश वगैरे) 'क' झाला, म्हणून इंग्लिशवाल्यांनी 'नी' (knee) मधला क लिहायचा ठेवलाय पण बोलायचा सोडला, जर्मन अजून स्पष्ट 'क्नी' म्हणतात. मग फाल म्हणजे आपला पात असणार, प्रणिपात मधला, प चा फ होतोच ना.

ओसरीवरचा: जानुचं शंभर टक्के. पात मात्र नाही. प चा फ होतो खरा पण त का सोडलात वाटेत? पत् चा जर्मन नातेवाईक आहे फेडर, म्हणजे पीस. फालचं कूळ वेगळं, अर्थ जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

शेंगदाणा_चटणी: मान्य 🙏 हा घ्या प्रणिपात.

मीठमिरची: पेपरात भेटला तर अर्थ बदलतो हां. सरकारने अमक्यापुढे क्नीफाल केला म्हणजे लोटांगण घातलं, टोमणाच असतो. ब्रांटच्या वेळी पण सगळे भारावले नव्हते, श्पीगेल या जर्मन साप्ताहिकाच्या सर्व्हेत ४८ टक्के लोक म्हणाले अति केलं, ४१ टक्के म्हणाले बरोबर.

क्षितिजा_०७: बाप रे, भारी. आणि डेर की डास, म्हणजे पुल्लिंगी की नपुंसकलिंगी? क्नी तर डास आहे.

ओसरीवरचा: डेर. लिंग शेवटच्या शब्दाचं. आणि घाईत क्नीबॉयगे लिहू नका, नाहीतर चान्सलर उठाबशा काढायला लागतील.