मागची ट्यूब घरी घालताना दोनदा फाटली, चुकतंय कुठे? (एक्सपल्स २००)

कऱ्हाडकर_मळवाट
गाडी हिरोची एक्सपल्स २०० मोटारसायकल, मागचा टायर १२०/८०-१८. बाभळीच्या काट्यानं पंक्चर, म्हणून चाक काढून नवी ट्यूब घातली. तासाभरात हवा गेली. ट्यूब काढली तर रिमकडच्या बाजूला अर्ध्या इंचाची चीर. दुसरी ट्यूब घातली, तीही तश्शीच. टायरचा शेवटचा वीतभर भाग आत जातच नाही, लिव्हरवर (टायर उचकटायच्या पोलादी पट्टीवर) उभं राहावं लागतं. दोन लिव्हर आहेत, १० इंची. मेन स्टँड नाही, इंजिनखाली लाकडी ओंडका लावलाय. काय चुकतंय? आणि काट्यानं गेलेल्या पहिल्या ट्यूबला ठिगळ लावून चालेल का?

यवतेश्वर_घाट
लिव्हरवर उभं राहताय ना, तिथंच ट्यूब जाते. टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती ताणत नाही. रिमच्या मधोमध खोलगट पन्हळ आहे ती याचसाठी. कडा एका अंगाला त्या पन्हळीत उतरली की समोरच्या अंगाला तेवढी ढील मिळते आणि ती रिमवरून आत येते. पन्हळीत उतरली नाही तर कितीही जोर लावा, तार जागची हलणार नाही. मग लिव्हर खोल जाते आणि तिचं टोक ट्यूब चिमटतं.

काढताना व्हॉल्व्हपासून सुरू करा, बसवताना व्हॉल्व्हपाशी संपवा. व्हॉल्व्हजवळ ट्यूबचं जाड बूड पन्हळीत अडकलेलं असतं, तिथं कडा खाली उतरूच शकत नाही. म्हणून ती उतरवायची समोर. शेवटचा भाग व्हॉल्व्हपासून लांब ठेवलात तर नेमका तुम्ही म्हणता तो वीतभर तुकडा अडून बसतो.

बसवायचा क्रम असा:
टायरची एक बाजू रिमवर तशीच राहू द्या, फक्त ट्यूब बदलायला दोन्ही कडा काढायची गरज नाही. ट्यूबमध्ये जेमतेम गोल होईल एवढीच हवा भरा. रिकामी ट्यूब घडी पडून लिव्हरखाली येते, जास्त भरलेली तर स्वतःहून लिव्हरपुढे येते. व्हॉल्व्ह भोकातून काढून नट दोन आटे लावून ठेवा, आवळू नका. मग व्हॉल्व्हच्या समोरून हातानंच कडा आत ढकलत दोन्ही बाजूंनी पुढे या. आधी आत गेलेली कडा गुडघ्यानं पन्हळीत दाबून धरा. गुडघा हलला की कडा वर येते, त्यामुळे दर घासाला परत दाबायचं. लिव्हरचा घास दोन इंचांचाच, जास्त नको. टोक कडेखाली जेमतेम अडकेल एवढंच सरकवा. शेवटचा भाग गेला की व्हॉल्व्ह आत ढकला आणि परत ओढा, म्हणजे बूड कडेखाली अडकलं नसल्याची खात्री होते.

भांडी घासायच्या लिक्विडचं पातळ पाणी दोन्ही कडांना लावा. तेल, ग्रीस, पेट्रोल अजिबात नको. तेला-ग्रीसनं रबर फुगतं, आणि ते वाळत नसल्यानं नंतर टायर रिमवर फिरतो.

माणदेशी_स्पोक
वरचं सगळं बरोबर. पण काढायच्या आधीचं एक काम राहिलं. व्हॉल्व्ह जिथं आहे तिथं टायरवर खडूनं खूण करा आणि डिस्ककडची (ब्रेकच्या तबकडीकडची) बाजू कुठली तेही लिहा. ट्यूबमध्ये भोक सापडलं की व्हॉल्व्हपासूनचं अंतर मोजून तीच जागा टायरवर दाखवता येते. नाहीतर आख्खा टायर चाचपत बसावं लागतं.

बाभळीचा काटा टायरमध्ये शिरून बाहेरून मोडतो. वर काहीच दिसत नाही, आत दोन-तीन मिलिमीटर टोक तेवढं राहतं. बोट फिरवू नका, जुना सुती मोजा हातावर घेऊन आतून फिरवा, धागा अडकेल तिथं काटा. पक्कडीनं आतूनच ओढून काढा. आमच्या माण-खटावकडं वेडी बाभूळ इतकी आहे की एका टायरमध्ये तीन-तीन टोकं निघतात. एक निघालं म्हणून थांबू नका.

भोक पाहून कारण कळतं. टायरकडच्या बाजूला एकच बारीक भोक म्हणजे काटा किंवा खिळा. शेजारीशेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी असताना दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटलेली. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेली म्हणजे टायर रिमवर सरकला. रिमकडच्या बाजूला टाचणीएवढं भोक असेल तर रिमवरची, ट्यूबखालची पट्टी सरकून स्पोकचं टोक वर आलंय, ते कानशीनं सपाट करा आणि पट्टी बदला. तुमची चीर लिव्हरचीच आहे.

कऱ्हाडकर_मळवाट
गुडघ्याचं लक्षात आलं, मी समोरची कडा मोकळीच सोडत होतो. चाक डिस्कवर न टेकवता ठेवायचं कसं? आणि काढताना टायरची कडा रिमवरून सुटायलाच अर्धा तास गेला.

यवतेश्वर_घाट
जुना स्कूटरचा टायर जमिनीवर टाका, त्यावर चाक ठेवा. डिस्क वरच्या बाजूला, आणि लिव्हर तिच्यावर टेकवायची नाही. डिस्क वाकली तर पेडल थरथरायला लागतं.

कडा सुटत नसेल तर आधी व्हॉल्व्हची पिनच काढून टाका, नुसती हवा सोडून भागत नाही. मग चाक जमिनीवर आडवं ठेवून दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरवर, रिमच्या अगदी लगत टेकवा आणि ती गाडी स्टँडवर कलवा. गाडीच्या वजनानं कडा खाली बसते. एका जागी सुटली की वीतभर पुढे सरका. दुसरी गाडी एकानं धरायला हवी.

चाक गाडीतून काढताना बुश (अॅक्सलवरची नळकांडी) कुठल्या बाजूचा कुठला ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा ब्रेकचा चिमटा) मोकळा असताना मागचं पेडल दाबू नका. चुकून कोणी दाबलं तर पिस्टन पुढे येतो आणि डिस्क परत जाईना. ब्रेक पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवा. पुढचा ब्रेक लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीनं बांधा, म्हणजे गाडी ओंडक्यावरून घसरणार नाही.

पंक्चर_नको_राव
एवढी झटापट कशाला? ट्यूबमध्ये सीलंट भरा, मोकळे व्हा.

माणदेशी_स्पोक
दादा, सीलंट बारीक काट्याला चालतं, चिरेला नाही. वर त्या ट्यूबला नंतर ठिगळ चिकटत नाही, भोकातून चिकट पाणी झिरपतच राहतं. तात्पुरतं ठीक.

@कऱ्हाडकर, काट्याच्या ट्यूबला ठिगळ जरूर चालेल. भोक घमेल्यातल्या पाण्यात शोधा, पेननं मोठं वर्तुळ काढा, नाहीतर घासल्यावर जागा हरवते. ट्यूबवर साच्याची उठलेली रेघ असते, ती काचपेपरनं पूर्ण सपाट करा. त्या रेघेच्या कडेनंच हवा निसटते. सोल्यूशन पातळ लावा आणि चकाकी जाऊन बोटाला न चिकटेपर्यंत थांबा, साधारण पाच मिनिटं. इथंच सगळे घाई करतात. मग ठिगळ ठेवून मधून कडेकडे स्पॅनरच्या दांड्यानं जोरात घासा. अर्ध्या इंचाच्या चिरेला मात्र नादी लागू नका, ती ट्यूब स्टँड बांधायला ठेवा. घालताना ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळा, म्हणजे ती टायरला न चिकटता सरकते.

यवतेश्वर_घाट
टायर आत गेल्यावर पिन लावून ४० पीएसआयपर्यंत भरा, टायरच्या बाजूवर कमाल हवा त्याहून कमी लिहिली असेल तर तेवढीच. रिमलगत टायरवर बारीक रेघ असते, ती चाकभर सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठं आत गेली असेल तर हवा सोडा, साबणाचं पाणी लावा, परत भरा. मग सगळी हवा एकदा पूर्ण सोडून पुन्हा भरा, आतल्या घड्या सुटतात. शेवटी गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे प्रेशर ठेवा. जांभ्याच्या दगडांवर ट्यूबवाली एवढी जड गाडी १८ पीएसआयच्या खाली नेली की चिमटा ठरलेला.

व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळू नका, वर टोपीला टेकवून ठेवा. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका दिसतो आणि बूड फाटायच्या आधी कळतं.

चाक बसवताना चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये फडका घालून चाक मागं फिरवा. चाक पुढं ओढलं जाऊन अॅक्सल (चाकाचा दांडा) अॅडजस्टरला (चेन ताणायच्या स्क्रूला) चिकटून बसतो, तसाच धरून नट आवळा. अॅडजस्टरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या बघा.

कऱ्हाडकर_मळवाट
गेला राव! गुडघा खाली, व्हॉल्व्हपाशी शेवट, आणि शेवटचा भाग लिव्हरच्या दोन घासांत आत. रात्रभर ३० वर ठेवला होता, सकाळी ३० च. पण मागचं पेडल पार खाली जातंय?

यवतेश्वर_घाट
पॅड मागं सरकलेत, डिस्कपासून लांब आहेत. उभ्या गाडीवर पेडल सात-आठदा दाबा, कडक होईल. कडक झाल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नका.