मदत हवी आहे: एकट्या लेकराचा फोटो, पण आजीला मीच बाजूला सरकवलं

नमस्कार मंडळी,

मी नोकरीला बीड जिल्ह्यात केजला, गाव धारूर तालुक्यातलं. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातं. मागं राहतात म्हातारी माणसं, शेरडं आणि शाळेतली लेकरं. काही लेकरं हंगामी वसतिगृहात, बाकीची आजी-आजोबांकडं. दोन हंगाम झाले, रविवारी जाऊन त्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढतोय. जुना कॅमेरा, 35 एमएमची एकच लेन्स. आता त्यातले 12 फोटो संभाजीनगरच्या एका प्रदर्शनाला पाठवायचेत.

घोडं अडलंय एका फोटोवर. चौथीतला पोरगा, कुलूप लावलेल्या खोलीच्या उंबऱ्यावर गुडघ्यात हनुवटी घालून बसलाय. दुपारचं ऊन, भिंतीवर कडीची सावली. ज्याला दाखवावा तो म्हणतो, हाच पहिला लाव.

पण त्याच्यापासून दोन हातांवर त्याची आजी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. "आजी, जरा पलीकडं सरका," असं मीच म्हणालो. बिचारी सूप उचलून सरकली. पुढच्या रविवारी प्रिंट नेऊन दिली, तर पोरगं बराच वेळ बघून म्हणालं, "आजी कुठंय?" आजी म्हणाली, "सरांनी हाकललं की मला." सगळे हसले, मीही हसलो. घाट उतरताना मात्र काही सुचेना.

त्यात अजून एक. पोरगं तिथं का बसतं, तर घरात फक्त त्या उंबऱ्यावर रेंज येते. तिकडं गाडी भरून झाली की आई फोन करते. मी ज्याला एकटेपण समजलो, ती फोनची वाट होती. (ते एकटेपण नाहीच असंही म्हणवत नाही.)

माझ्याकडं त्याच दिवशीची दुसरी फ्रेम आहे. कडेला आजीचा हात आणि सूप आलंय, पण हात जरा आउट ऑफ फोकस. कोणती पाठवू? वडिलांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "लावा की सर, त्यात काय." त्यांनी फोटो पाहिलेलाच नाही. याला परवानगी म्हणायची का?

प्रतिसाद 1

स्पष्टच बोलतो, राग मानू नका. क्रॉप करणं वेगळं आणि माणूस उठवणं वेगळं. पहिली फ्रेम डॉक्युमेंटरी म्हणून पाठवू नका. लुईस हाईनने 1908 पासून अमेरिकेतल्या बालमजुरांचे फोटो काढले. सूतगिरणीतल्या एका मुलीच्या फोटोखाली तिची उंची 48 इंच आणि काम करून अर्धं वर्ष झालं, असं साधंच लिहिलंय. लांबच लांब यंत्रापुढं ती किती एकटी आहे, हे त्याला सांगावं लागलं नाही. तुम्हीही खाली रेंजचं लिहा. 'एकाकी बालपण' वगैरे नको.

प्रतिसाद 2

दादा, लेकराला निवडू द्या ना. फोटोग्राफर गौरी गिल यांनी 2003 मध्ये राजस्थानात लूणकरणसरच्या बालिका मेळ्यात तंबूत स्टुडिओ थाटला होता. कसं उभं राहायचं, हातात काय धरायचं, हे मुलींनीच ठरवलं. तिथं एकटी उभी असलेली मुलगीही केविलवाणी दिसत नाही.

आणि ती परवानगी अर्धीच. मोठी प्रिंट करून आईबापांना हातात द्या, कुठं लागणार, विकली जाणार का, सगळं सांगा. ते परत येईपर्यंत थांबा. तोवर गावाचं नाव नको. घरी म्हातारी आणि लेकरू दोघंच, हे जगाला कशाला कळवायचं?

धागाकर्ता

दोघांचे आभार. काल दोन्ही प्रिंट पोरासमोर ठेवल्या. त्यानं सूपवाली उचलली. का, तर "हिच्यात फोन दिसायलाय." खरंच, सुपाशेजारी आजीचा बटणाचा मोबाइल आहे, माझ्या लक्षातच आला नव्हता. आईबाप गुढीपाडव्याच्या आसपास येतील, प्रदर्शनाची तारीख त्याआधीची. म्हणजे हा फोटो यंदा नाही, उरलेल्या 11 चं बघतो.

फक्त एक सांगा, 12 बाय 18 च्या मॅट प्रिंटवर तो हात फारच पुसट दिसेल का? आईबापांना तीच प्रिंट द्यायची आहे.