तान्ह्या पोळ्याचं शूटिंग

ए-१०१ वहिनी: नमस्कार. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं कार्ड कोणाकडे आहे? २०१० च्या तान्ह्या पोळ्याचं शूटिंग त्यातच आहे. कृपया मूळ कार्ड कोणीही फॉरमॅट करू नये 🙏

बी-२०४ काका: माझ्याकडे आहे वहिनी, काळजी नको. पण फिल्म जुळूनच नाही राहिली. माझ्या विंडोज एक्सपीच्या मूव्ही मेकरमध्ये (फिल्म जोडायच्या प्रोग्राममध्ये) फाइल घेतच नाही. फिल्म दाखवायचा कार्यक्रम परवावर आला.

सी-३०२ भाऊ: काका, फाइलच्या नावातलं एमटीएस काढून एव्हीआय लिहा. माझ्या साळ्याच्या कॅमेऱ्याचं असंच चाललं होतं.

बी-२०४ काका: तेही केलं. काही फरक नाही.

ए-१०१ वहिनी: कार्डावरच नाव बदललं का???

बी-२०४ काका: नाही हो, कॉपीवर.

बी-४०१ (धाकटा): नाव बदलून आतला माल बदलत नाही, काका. भाऊंच्या साळ्याची फाइल एमओडी प्रकारची असेल. ती आतून एमपेग-२ (व्हिडिओची जुनी पद्धत) असते, म्हणून एमपीजी नाव दिलं की बरेचदा चालते. आपला कॅमेरा एव्हीसीएचडीचा आहे. हा प्रकार २००६ मध्ये आला. त्यात चित्र एच.२६४ आणि आवाज एसी-३ पद्धतीने भरलेला असतो. एक्सपीचा मूव्ही मेकर त्याच्या आधीचा, त्याला यातलं काही कळत नाही.

सेक्रेटरी: मग नवीन सॉफ्टवेअर घ्या ना जी. एक्सपी तर २०१४ मध्येच बंद झालं.

बी-२०४ काका: सपोर्ट बंद झाला, माझा कॉम्प्युटर नाही. सोसायटीची प्रत्येक फिल्म मी यावरच केली. तेव्हा कोणाला सॉफ्टवेअर आठवलं नाही.

सी-३०२ भाऊ: कॅमेरा फंडातून घेतला होता आणि राहून राहिला एकाच घरी. सहज आठवलं.

बी-२०४ काका: बॅटरी दोनदा स्वतःच्या पैशाने घेतली. तेही सहज आठवा.

बी-२०१ काकू: भांडू नका बाप्पा. उद्या सकाळी तर्री-पोहे करते, या सगळे.

डी-१०३: काकू, तर्री जरा जास्त करा, भाऊंना थोडक्यात भागत नाही 😄

ए-१०१ वहिनी: पुन्हा सांगते, मूळ कार्ड फॉरमॅट करू नये.

सी-३०२ भाऊ: वहिनी, समजलं हो सगळ्यांना. दुसऱ्यांदा झालं.

ए-१०१ वहिनी: भाऊ, मागच्या वर्षी बर्डीवरच्या एका स्टुडिओतून याच शूटिंगची डीव्हीडी करून आणली. त्यात सगळे लंबे-बारीक दिसतात आणि आवाज नाहीच. मामंजी पोरांना काहीतरी सांगून राहिले, ओठ हलताना दिसतात, बस. ते गेल्यापासून आमच्याकडे त्यांचा आवाज कुठेच नाही. म्हणून सांगते.

सी-३०२ भाऊ: माफ करा वहिनी. हे माहीत नव्हतं.

बी-४०१ (धाकटा): ए-१०१ काकू, एसी-३ न समजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की चित्र येतं, आवाज गळतो. कार्डावर तो असणारच. काका, आधी कार्डावरचं पूर्ण फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा, सुट्या फाइली नको. लांब शूटिंगचे कॅमेरा तुकडे करतो, नुसते जोडले तर सांध्यावर शब्द तुटू शकतो.

बी-२०४ काका: केलं. पुढे?

बी-४०१ (धाकटा): एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रामने फाइल डीव्ही-एव्हीआय प्रकारात बदलतो. ७२० बाय ५७६, पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), सेकंदाला २५ फ्रेम, आवाज पीसीएम (न दाबलेला). हे मूव्ही मेकर बिनतक्रार घेतं. सोबत डीइंटरलेस पण, नाहीतर पळणाऱ्या पोरांच्या कडेला करवतीच्या दातांसारख्या रेषा येतात. तुम्ही मूव्ही मेकरच्या ऑप्शन्समध्ये १६:९ निवडा, म्हणजे माणसं बारीक होणार नाहीत.

बी-२०४ काका: डिस्कवर १० जीबी जागा आहे.

बी-४०१ (धाकटा): तासाला साधारण १३ जीबी लागतात. फक्त पोळ्याचा भाग करू. आणि डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, म्हणजे १८-१९ मिनिटं. पंधरा-पंधराचे तुकडे पाडतो.

सेक्रेटरी: कृपया लक्ष द्या, मेंटेनन्स १० तारखेच्या आत भरावा.

डी-१०३: सेक्रेटरी साहेब, आता नाही ना जी 🙏

बी-२०४ काका: पोरगा आत्ताच माझ्याकडून गेला. पहिला तुकडा मूव्ही मेकरमध्ये आला. आवाजही आला. वहिनी, तुमच्यासाठी अर्ध्या मिनिटाची क्लिप टाकली, पाहा.

बी-२०१ काकू: अगं बाई! माझा लहाना पोरगा नंदीच्या शिंगाचा बेगड काढून राहिला 😄 आणि तो मोठा लाकडी नंदी, चाकं करकरून राहिली.

ए-१०१ वहिनी: "पोट्टेहो, नंदीले आंधी पानी दाखवा." तेच. अगदी तेच. यांना ऑफिसात फोन करून ऐकवलं.

सी-३०२ भाऊ: वहिनी, मला त्यांनीच नंदीच्या गळ्यात घुंगरू बांधायला शिकवलं होतं. काका, मघाशी बोललो ते मनावर घेऊ नका. काही मदत लागली तर सांगा.

बी-२०४ काका: प्रोजेक्टर आणून द्या भाऊ, तेवढं करा.

ए-१०१ वहिनी: काका, एक विनंती. मामंजी बोलतात त्या जागी वरून गाणं टाकू नका.

बी-२०४ काका: नाही टाकत.